मुलगे भांडून मोकळे होतात, मुली अबोला धरतात: हे तपासायचं कसं?

प्रश्न: आम्ही मानसशास्त्राच्या चौघांनी मिळून निरीक्षणाचा प्रकल्प घेतलाय. विषय आहे, कॉलेजमधले मुलगे आणि मुली आपापसातले वाद कसे हाताळतात. आत्तापर्यंत जे दिसलं त्यावरून वाटतं की मुलगे तोंडावर भांडून मोकळे होतात, मुली अबोला धरतात किंवा तिसऱ्याच कुणाजवळ बोलतात. हे निरीक्षणातून सिद्ध कसं करायचं? की प्रश्नावली भरून घेतली तरी पुरे?

उत्तर:

तुमच्या प्रश्नात निष्कर्ष आधीच येऊन बसलाय, आता त्याला फक्त साक्षीदार हवेत. कॉलेजच्या आवारात असे साक्षीदार ढिगाने मिळतात. मी अनेक वर्षं असे प्रकल्प तपासतेय आणि समुपदेशनाच्या खोलीत याच वादांची दुसरी बाजूही ऐकतेय. त्या अनुभवावरून सांगते, या विषयात घोटाळा निष्कर्षाच्या पानावर होत नाही. तो पहिल्या दिवशी नोंदवहीत काय लिहिलं गेलं, तिथेच होऊन बसलेला असतो.

१९७६ साली जॉन आणि सँड्रा कॉन्ड्री यांनी एक साधा प्रयोग केला. नऊ महिन्यांच्या एका बाळाची फिल्म कॉलेजच्या विद्यार्थ्यांना दाखवली. डबीतून एकदम उसळी मारून वर येणारा बाहुला पाहून बाळ अस्वस्थ होतं आणि रडू लागतं. ज्यांना 'हा मुलगा आहे' असं सांगितलं होतं त्यांना त्यात राग जास्त दिसला. ज्यांना 'ही मुलगी आहे' असं सांगितलं होतं त्यांना भीती जास्त दिसली. बाळ तेच, फिल्म तीच. तुम्ही चौघं कट्ट्यावर वही घेऊन बसाल तेव्हा याहून वेगळं काही होईल असं समजू नका. 'तो ठाम राहिला' आणि 'तिने ताणून धरलं' ही एकाच वागण्याची दोन वर्णनं असू शकतात.

म्हणून पहिला नियम: वहीत भावना लिहायच्या नाहीत, हेतू लिहायचे नाहीत. जे कॅमेऱ्याला दिसलं असतं आणि माइकला ऐकू आलं असतं तेवढंच लिहायचं. प्रसंग कुठून मोजायचा हेही आधी ठरवा. मी विद्यार्थ्यांना तीन पायऱ्यांची व्याख्या देते: एकाने काही म्हटलं किंवा केलं, दुसऱ्याने विरोध केला, आणि पहिल्याने माघार न घेता पुन्हा जोर लावला. तिसरी पायरी आली तरच तो वाद. नाहीतर 'हे नको, ते करू', 'बरं' इतक्यावर मिटलेली प्रत्येक गोष्ट वहीत शिरते आणि वही निरुपयोगी होते.

नोंद कशी असावी याचा एक नमुना देते. चौघांचा गट, सबमिशन तोंडावर आलेलं.

१०:१२. ख: "ही स्लाइड कुणी बदलली?" (नजर लॅपटॉपवर)
क: "मी. फार लांबली होती."
ख: "विचारायचं तरी."
क: "रात्री दीडला कुणाला विचारणार?" (हसू)
ख: वही बंद. चाळीस सेकंद शांतता.
ग: "चला, पुढचं बघू, वेळ नाहीये."
ख: "बघा तुम्हीच." फोन हातात, खुर्ची मागे.
१०:३१. ख: खुर्ची पुढे. जुनी आणि नवी स्लाइड शेजारीशेजारी उघडून, "तुझी रचना ठेवू, माझा तक्ता ठेवू."
क: "चालेल."

१०:१५ ला तुम्ही उठून गेला असतात तर वहीत काय राहिलं असतं? 'ख ने टाळलं, अबोला धरला.' १०:३१ पर्यंत बसल्यावर तीच नोंद बदलते: थोडं अंतर घेतलं, परत येऊन तोडगा मांडला. अबोल्याबद्दलचे बरेचसे निष्कर्ष निरीक्षक किती वेळ बसला यावर ठरतात. कुणी गप्प झालं की आपल्याला वाटतं प्रसंग संपला. पुष्कळदा तो तिथे अर्ध्यावर असतो.

आणि एक गोष्ट पाहा. वरच्या नोंदीत ख मुलगा की मुलगी हे कुठेच लिहिलेलं नाही, तरी वाचताना तुमच्या मनाने ते परस्पर ठरवून टाकलं असेल. मराठीत नोंदी घेताना ही काळजी जास्तच घ्यावी लागते, कारण आपली क्रियापदं लिंग सांगून टाकतात. 'निघून गेला', 'निघून गेली' असं लिहिलं की झालं. बोलणारा 'मी सांगत होतो' म्हणाला तर तेही उघड. म्हणून कच्ची नोंद घेणाऱ्याने ती आधी अशा तुटक रूपात उतरवायची, अक्षरं द्यायची, बोलण्यातली लिंगदर्शक रूपं झाकायची, आणि मगच ती वर्गीकरण करणाऱ्याच्या, म्हणजे प्रत्येक कृतीला 'सौम्य विरोध', 'माघार' असा वर्ग देणाऱ्याच्या, हाती द्यायची. चौघं आहात ना? दोघं पाहतील, दोघं वर्गीकरण करतील. वर्गीकरण करणाऱ्यांना कोण मुलगा, कोण मुलगी हे शेवटपर्यंत कळता कामा नये.

त्या दोघांनी एकमेकांशी न बोलता खुणा करायच्या आणि मग एकमत तपासायचं. नुसती टक्केवारी फसवते. समजा शंभर कृतींपैकी ऐंशींवर दोघांचं जुळलं. छान वाटतं. पण बहुतेक कृती 'सौम्य विरोध' याच रकान्यात पडत असतील तर डोळे मिटून खुणा केल्या तरी साठेक जुळल्या असत्या. जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेला कॅपा हा योगायोग वजा करतो: (०.८० − ०.६०) भागिले (१ − ०.६०), म्हणजे ०.५०. ऐंशी टक्क्यांचा बराचसा जोर तिथेच उतरला. कॅपा कमी आला तर वर्गांच्या व्याख्या पुन्हा लिहा, जुळवून घेण्यासाठी चर्चा करत बसू नका.

आता कुणाकडे पाहायचं. 'जिथे वाद दिसेल तिथे टिपू' ही तुमची सध्याची पद्धत असावी, कारण जवळजवळ सगळ्यांची तीच असते. जीन ऑल्टमन यांनी १९७४ मध्ये प्राण्यांच्या वर्तनाच्या निरीक्षणावर एक निबंध लिहिला. त्यातला इशारा इथे तंतोतंत लागू पडतो: जे ठळक आहे, मोठ्या आवाजात आहे, तेच वहीत जास्त येतं. व्हरांड्यात आरडाओरडा करणारे दोघं शंभर पावलांवरून कळतात. ग्रंथालयात हळू आवाजात वीस मिनिटं चाललेला वाद शेजारच्या टेबलालाही कळत नाही. त्यामुळे मोठ्याने होणारी भांडणं जास्त नोंदली जातात, शांतपणे समोरासमोर मिटलेली निसटतात, आणि 'अमुक लोक समोर बोलतच नाहीत' असा निकाल आपोआप तयार होतो. यावर उपाय म्हणजे व्यक्ती आधी निवडायची, चिठ्ठी टाकून. मग ठरलेला वेळ फक्त तिच्याकडे पाहायचं, वाद होवो न होवो. वादाविना गेलेला वेळही लिहायचा, नाहीतर दर तासाला किती वाद हे काढणारच कसं?

इथपर्यंतची शिस्त कुठल्याही निरीक्षणाला लागते. या विषयाचा खरा गाभा पुढे आहे, आणि तुमच्या तक्त्यात त्यासाठी एक रकाना हवाच: बदल कोणाला हवाय?

अँड्र्यू क्रिस्टेन्सन आणि ख्रिस्तोफर हेवी यांनी १९९० मध्ये मुलं असलेल्या जोडप्यांचा अभ्यास केला. बायको मागे लागते आणि नवरा तोंड मिटून काढता पाय घेतो, हे चित्र तेव्हाही सर्वमान्य होतं. त्यांनी प्रत्येक जोडप्याला दोन विषयांवर बोलायला लावलं. एका विषयात बदल बायकोला हवा होता, दुसऱ्यात नवऱ्याला. बायकोच्या विषयावर बोलताना नेहमीचं चित्र दिसलं. नवऱ्याच्या विषयावर बोलताना मात्र कोण मागे लागतं आणि कोण काढता पाय घेतं यातला फरक उरला नाही. म्हणजे ज्याला स्वभाव समजत होते त्याचा मोठा भाग त्या वादात कोण कुठे उभं आहे यातून येत होता. ज्याला आहे तेच चालू राहिलेलं परवडतं तो गप्प बसतो. ज्याला परवडत नाही तो बोलत राहतो.

कॉलेजात हे रोज दिसतं. ज्या गटात कामाचा गाडा एकच जण ओढतोय तिथे तोच सारखा आठवण करून देणार, तोच 'किरकिरा' ठरणार. एखाद्या वर्गात हे काम बहुतेक मुलींवर पडत असेल तर तुमच्या वहीत 'मुली पाठपुरावा करतात, मुलगे टाळतात' असं स्वच्छ चित्र उमटेल, आणि त्यात स्वभावाचा भाग किती हे कळायला मार्गच उरणार नाही. तक्रार कोणाची, म्हणजे बदल कोणाला हवाय, हा रकाना भरून मगच तुलना करा. तक्रार मुलाची असलेले प्रसंग वेगळे, मुलीची असलेले वेगळे.

दुसरा रकाना जोडीचा. एलेनॉर मॅकोबी यांनी १९९० च्या सुमारास हा मुद्दा जोरात मांडला होता: माणसं एकेकटी तपासली तर मुलगे-मुलींतले फरक किरकोळ दिसतात, समोर कोण आहे हे बदललं की ते उमटतात. म्हणून 'मुलगे' आणि 'मुली' असे दोन ढीग करू नका. मुलगा-मुलगा, मुलगी-मुलगी आणि मिश्र असे तीन करा, आणि मिश्र जोडीत विरोध कोणी सुरू केला तेही लिहा. तुमच्या प्रश्नातलं वाक्य बहुधा पहिल्या दोन ढिगांवर बेतलेलं आहे आणि तिसऱ्यावर चिकटवलं गेलंय.

आकडे लहान असताना किती जपावं लागतं याचं उदाहरण झिमरमन आणि वेस्ट यांचं. १९७५ च्या त्यांच्या अभ्यासात स्त्री-पुरुषांच्या ११ संभाषणांत ४८ वेळा मध्येच तोडणं झालं, त्यातले ४६ वेळा पुरुषाकडून. हा आकडा पुढे वर्गावर्गात गाजला. पण संभाषणं अकराच. त्यात एखादा फारच बडबड्या असला तरी सगळा हिशेब कलंडतो, हा आक्षेप लवकरच आला, आणि नंतरच्या अभ्यासांचे आढावे घेतले तेव्हा चित्र इतकं एकतर्फी राहिलं नाही. तुमच्याकडेही एक भांडखोर मुलगा किंवा एक अतिशय शांत मुलगी पन्नास कृती पुरवून जाईल. त्यामुळे कृती मोजा, पण तुलना जोड्यांची करा.

आता 'मुली पाठीमागे बोलतात' याबद्दल. आडून केलेल्या आक्रमकतेचा, म्हणजे अफवा, गटातून तोडणं, टोमणे, मुद्दाम दुर्लक्ष यांचा अभ्यास १९८० च्या दशकात फिनलंडमध्ये लागरस्पेट्झ, ब्यॉर्कक्विस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळकरी मुलांमध्ये केला. तोवर आक्रमकता म्हणजे बहुतेक वेळा मारामारीच धरली जाई. मग 'ही मुलींची पद्धत' असा समज रुजला. २००८ मध्ये नोएल कार्ड आणि सहकाऱ्यांनी मुलं व किशोरवयीनांवरच्या १४८ अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला. थेट आक्रमकता मुलग्यांमध्ये ठळकपणे जास्त निघाली. आडून केलेल्या आक्रमकतेत फरक जवळजवळ नगण्य होता.

मग समज कुठून आला? हिशेबातून. मानून चला, एका मुलाच्या नावावर दहा थेट आणि सहा आडून केलेल्या कृती आहेत, एका मुलीच्या नावावर चार थेट आणि सहा आडून. आडून केलेल्या कृती दोघांच्या सारख्याच. पण मुलीच्या एकूण दहांत त्या सहा, म्हणजे साठ टक्के. मुलाच्या सोळांत त्या सहा, चाळीस टक्क्यांच्याही खाली. तुम्ही 'तिचं भांडण कसं असतं' असं विचारलंत की आडून असतं हेच उत्तर येणार, आणि 'आडून कोण जास्त करतं' असं विचारलंत तर दोघं सारखे. प्रकल्पात हे दोन्ही प्रश्न वेगळे लिहा. पन्नासातला एखादाच गट हे करतो असं मला वाटतं, आणि बहुतेक गोंधळ याच जागी असतो.

मग फरक नाहीच का? आहे, पण तुम्ही पाहताय तिथे तो फारसा नसावा. माझ्या मते पाहण्यासारखी जागा भांडणात नाही, भांडणानंतर आहे. जॉयस बेनेनसन यांनी २००९ मध्ये कॉलेजात एका खोलीत राहणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रूममेटबद्दल नाराजी आणि रूममेट बदलून घेणं, दोन्ही मुलींमध्ये जास्त आढळलं. २०१६ मध्ये त्यांनी आणि रिचर्ड रँगहॅम यांनी टेनिस, टेबल टेनिस, बॅडमिंटन आणि बॉक्सिंगच्या सामन्यांचं चित्रीकरण पाहिलं. ४४ देशांचे खेळाडू, पुरुष विरुद्ध पुरुष आणि स्त्री विरुद्ध स्त्री. सामना संपल्यावर हात मिळवणं, पाठीवर थाप, मिठी, असा स्पर्श किती वेळ टिकतो ते मोजलं. पुरुषांमध्ये तो जास्त वेळ टिकला.

यावरून 'मुलगे मनात ठेवत नाहीत' अशी उडी मारू नका. मुलगे बऱ्याचदा मोठ्या टोळक्यात असतात. उद्या पुन्हा त्याच संघात खेळायचं, त्याच बाकावर बसायचं, म्हणून सलोखा जवळजवळ सक्तीचा होतो. मुलींच्या मैत्रीत पुष्कळदा दोघीच, आणि मनातलं सांगण्याची देवाणघेवाण जास्त. तिथे तडा गेला तर नुसतं भांडण राहत नाही, सांगितलेली गुपितंही धोक्यात येतात. दोन्ही स्पष्टीकरणं तपासता येतात: दोघांचीच घट्ट मैत्री असलेले मुलगे शोधा, मोठ्या संघात वावरणाऱ्या मुली शोधा, आणि पाहा की फरक लिंगाच्या मागे जातो की गटाच्या आकाराच्या. चौघांच्या प्रकल्पात इतकं जमलं तर मी वाकून दाद देईन.

निदान एवढं तरी करा. प्रत्येक वादानंतर त्या दोघांचं पहिलं साधं बोलणं कधी झालं, कोणी सुरू केलं आणि कशाने, ते नोंदवा. विनोदाने? कामाच्या प्रश्नाने? माफी मागून? की तिसऱ्याने मध्ये पडून? 'वही आणलीस का' असला प्रश्न हा पुष्कळ वेळा तहाचा प्रस्ताव असतो, आणि तो कोणत्याही प्रश्नावलीत सापडत नाही.

प्रश्नावलीबद्दल थोडक्यात. थॉमस-किलमन साधन १९७४ चं. ३० जोड्यांतून एकेक विधान निवडायचं, त्यातून पाच पद्धतींचे गुण: आपलं रेटणं, सहकार्य, तडजोड, टाळणं, नमतं घेणं. ते विकत घ्यावं लागतं. त्यात एक खोच आहे: पाचही गुणांची बेरीज नेहमी ३० च. एक वाढला की दुसरा कुठेतरी घटणारच, त्यामुळे 'मुली तडजोडीत वर आणि रेटण्यात खाली' हे दोन निष्कर्ष वाटले तरी ते एकाच निष्कर्षाची दोन टोकं असू शकतात. रहीम यांची १९८३ ची २८ विधानांची प्रश्नावली यापेक्षा सोयीची, कारण वरिष्ठ, कनिष्ठ आणि बरोबरीचे यांच्यासाठी तिची वेगळी रूपं आहेत. तुम्हाला बरोबरीचं हवं. पण दोन्हींत माणूस स्वतःला कसा समजतो तेच कळतं. निरीक्षण झालेल्यांकडूनच नंतर भरून घ्या आणि सांगितलेलं व केलेलं यातली तफावत मांडा. माझ्या अनुभवात प्रकल्पाचं सगळ्यात वाचनीय पान तेच निघतं.

का, या प्रश्नाकडे वळाल तेव्हा वागण्याची किंमत विसरू नका. ब्रेस्कॉल आणि उलमन यांच्या २००८ च्या प्रयोगांत, कामाच्या ठिकाणी रागावलेल्या पुरुषाला पाहणाऱ्यांनी जास्त मान दिला, रागावलेल्या स्त्रीला कमी. हे माहीत असलेली मुलगी वर्गात आवाज चढवत नसेल तर तो भिडस्तपणाच असेल असं नाही. ते हिशेब करून टाकलेलं पाऊलही असू शकतं.

काही गोष्टींना मात्र फाटा द्यायचा नाही. निरीक्षणाची परवानगी घ्या, आणि लिंग आपण अंदाजाने लिहू नका, ज्याने त्याने स्वतः लिहू द्या. दोन रकान्यांत न बसणारेही असतात, त्यांना ढकलून बसवू नका. व्हॉट्सअॅप ग्रुपचे स्क्रीनशॉट गुपचूप गोळा करणं हे निरीक्षण नाही. वाद मुद्दाम पेटवायचा नाही. आणि छळ, धमकी, पाठलाग, जोडीदाराकडून होणारी मारहाण ही 'वाद हाताळण्याची पद्धत' नव्हे. असं काही दिसलं तर ते तक्त्यात टाकू नका, वही बाजूला ठेवून मार्गदर्शकांना आणि तक्रार समितीला सांगा.

राहिला निष्कर्ष. जॅनेट हाइड यांनी २००५ मध्ये ४६ मोठ्या आढाव्यांतले लिंगभेदाचे आकडे एकत्र पाहिले. ७८ टक्के फरक छोटे किंवा शून्याजवळचे होते. छोटा म्हणजे किती? कोहेन यांच्या मापाने (दोन सरासरींतला फरक भागिले प्रमाण विचलन) ०.२ चा फरक असेल तर मुलगे आणि मुली यांचे आलेख ९२ टक्के एकमेकांवर पडतात. वाटेल तो एक मुलगा आणि वाटेल ती एक मुलगी घेतली तर अपेक्षित क्रम, म्हणजे ज्या गटाची सरासरी जास्त त्यातल्याचाच आकडा जास्त असणं, शंभरात ५६ वेळा खरा ठरतो. नाणं उडवलं तर ५० वेळा. म्हणून 'मुली टाळतात' असं कधीच लिहू नका. 'तक्रार समोरच्याची असताना, मुलगी-मुलगी जोड्यांच्या इतक्या प्रसंगांपैकी इतक्यांत माघार दिसली, मुलगा-मुलगा जोड्यांत इतक्यांत' असं लिहा. वाक्य लांबेल, लांबू द्या.

व्हायव्हाला परीक्षक बहुधा सरळ विचारतील, 'मग फरक आहे की नाही?' तेव्हा सरासरीपासून सुरुवात करू नका. तक्त्यातली मिश्र जोड्यांची ओळ समोर ठेवा, तक्रार मुलाची असताना काय झालं आणि मुलीची असताना काय झालं ते दाखवा, मग भांडणानंतरच्या पहिल्या बोलण्याचा रकाना. काहीच फरक निघाला नाही तरी तो निकालच आहे, तसाच सादर करा. फक्त तेव्हा कॅपाचा आकडा आणि निरीक्षणाचे एकूण तास हाताशी असू द्यात, कारण पुढचा प्रश्न तोच येणार.